नुसते पाय भिजवायला

तुम्ही बायकोला काही काम नसताना, नुसतं फिरायला कधी नेलं आहे का? किनाऱ्यावरच्या फिलाओच्या, म्हणजे सुरूच्या, झाडांचा वास आला की मला आमचा एकच रविवार आठवतो. आमच्या लालमती गावात समुद्रावर जायचं ते गणपती बुडवायला, नाहीतर अस्थी सोडायला. म्हणून आईने सुनेला विचारलं, "समुद्रावर? कोण गेलं गं?" बायको हसली. "कोणी नाही, आये. नुसते पाय भिजवायचेत." तिने वाटेत खायला फराटे, आमच्याकडच्या पोळ्या, बांधून घेतले आणि मी मजूर संघटनेच्या पत्रकांचा गठ्ठा. मजुरालाही विश्रांतीचा हक्क आहे, असं त्यांत मीच लिहिलं होतं. वाळूत ती म्हणाली, "अहो, चला ना, एकटीला लाज वाटते." मी म्हणालो, "एवढी पत्रकं वाटून येतो." परतलो तेव्हा शेवटची बस उभी होती आणि तिचे पाय कोरडे होते. "पुढच्या रविवारी जाऊ," ती म्हणाली. पुढचे रविवार सभांत गेले, मग तिला ताप आला. तिच्या अस्थी घेऊन मी त्याच किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. पाणी गार होतं की कोमट, मला आजही सांगता येत नाही. घरून निघताना आईने या वेळी काही विचारलं नव्हतं. हा कागद आता खाली ठेवा आणि येत्या रविवारी बायकोला पाण्यापर्यंत घेऊन जा, रिकाम्या हातांनी.