पोस्टरभाऊनं ग्रुप सोडला

पोस्टरभाऊला गुलाबाच्या फुलांचा भयंकर राग होता. बागेतल्या नव्हे, मोबाइलवरच्या. आमच्या शाळेच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर कुणी सकाळी सकाळी दवाचे थेंब चिकटवलेला गुलाब पाठवला आणि खाली 'शुभ प्रभात' लिहिलं, की याचा सवाल हजर : "हे फूल कोणाच्या आंगनातलं? तू पाहलं का? मंग कायले पाठवतं?" पाठवणारा बिचारा ओशाळायचा. स्वतः पाहिलेलं, स्वतः काढलेलं तेवढंच टाकायचं, असा त्याचा दंडक. बरं, तो ग्रुपचा अ‍ॅडमिनही नव्हता.

चंद्रपूरकडच्या मूल या तालुक्याच्या गावाहून आत, जंगलाच्या अंगाला आमचं गाव आहे. तिथं त्याचं झेरॉक्स आणि फ्लेक्सचं लहानसं दुकान. आमच्या या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, पै-पाहुणे येतात, रात्रभर नाटकं चालतात. त्या नाटकांची पोस्टरं तो करायचा, म्हणून पोस्टरभाऊ. गिऱ्हाईक नसलं की दुकान उघडं टाकून फोन घेऊन हिंडायचा. धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, एका पायावर ताटकळलेला बगळा, मोहफुलं वेचता वेचता झाडाखालीच घोरणारी आजी, असलं काय काय टिपून आणायचा. एकदा ग्रामपंचायतीच्या खुर्चीत शेळी चढून बसली होती. तिच्या फोटोखाली याची ओळ : 'साहेब मीटिंगमध्ये आहेत.' त्या फोटोनं मला पुण्यातल्या ऑफिसात, खऱ्याखुऱ्या मीटिंगमध्ये, तोंडाला रुमाल लावायला लावला.

पण त्याची खरी करामत म्हणजे आमच्यावरची पोस्टरं. ग्रुपमधल्या कुणाच्याही घरी काही घडलं, की त्याचं नाटक व्हायचं. मी गाडी शिकताना सोसायटीच्या फाटकाला धडक दिली आणि मूर्खासारखी ती बातमी ग्रुपवर सांगितली. दोन दिवसांत पोस्टर आलं : 'फाटक माझं, चूक तुझी! संगीत, कौटुंबिक, तीन अंकी.' मध्यभागी मी, डोळे वटारलेली, शाळेच्या गॅदरिंगमधला फोटो कापून बसवलेली. खाली बारीक अक्षरांत, 'फाटकाच्या भूमिकेत : खुद्द फाटक.' पुण्यात माझी एवढी दखल आजवर कुणी घेतलेली नाही. लग्न होऊन मी इतक्या लांब आले, पण ते पोस्टर बघताना वाटलं, आपण अजून गावातच आहोत. चारचौघांत आपली टिंगल होते आहे, म्हणजे आपली जागा शाबूत आहे.

हे सगळं आमच्यापर्यंत पोचायचं मात्र उशिरा. त्याच्या दुकानात नेटवर्क धरत नसे. तो आपला फोटो पाठवून मोकळा व्हायचा आणि फोन खिशात टाकायचा. संध्याकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे उंच बांधावर, गेला, किंवा बाजाराला मूलकडे निघाला, की खिशातल्या खिशात सगळं एकदम सुटायचं. पोळ्याचे बैल आम्हाला दुसऱ्या दिवशी दिसायचे. कुणी चिडवलं तर म्हणायचा, "ताजं पाह्याचं असन तं गावाले ये ना. कोन अडवून राह्यलं तुले?"

माझे बाबा कधी फोटोत हसले नाहीत. कॅमेरा दिसला की ते झेंडावंदनाला उभे राहिल्यासारखे ताठ व्हायचे. त्यांना हसवणारा माणूस जगात एकच, पोस्टरभाऊ. धान निघालं की हा अंगणात यायचा, फोन समोर धरायचा आणि गंभीर तोंडानं सांगायचा, "बाबाजी, हसू नका. हसनाऱ्याचा फोटो आपल्या दुकानात निंगत नाई." बाबा फुटायचे. दातांतल्या फटीसकट हसायचे. आई आतून ओरडायची, "चहा थंडा होऊन राह्यला, नाटक पुरे करा!"

गेल्या वर्षी, पावसाळ्याच्या शेवटी, बाबांच्या छातीत दुखलं. चंद्रपूरच्या दवाखान्यात ठेवलं, मी पुण्याहून आले. डॉक्टर म्हणाले, धोका टळला, उद्या घरी न्या. मी आनंदानं ग्रुपवर तसं कळवलं. पोस्टरभाऊनं ते पाळीवर वाचलं आणि दुपारी दुकानात बसून पोस्टर केलं, 'यमराज हरला!' अंगणातलेच हसरे बाबा, डोक्यावर मुकुट, खांद्यावर गदा, आणि मागे शेपटी वर करून पळणारा रेडा. नेहमीप्रमाणे त्यानं ते पाठवलं, आणि नेहमीप्रमाणे ते त्याच्या फोनमध्येच अडकून राहिलं.

संध्याकाळी बाबा गेले.

गावात कुणाचा तरी फोन लागला आणि बातमी पोचली. पोस्टरभाऊ होता तसा मोटारसायकलवर बसून चंद्रपूरला निघाला. मूल जवळ आलं तसं खिशातल्या फोनला नेटवर्क मिळालं. ग्रुपवर तेव्हा 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली होती. त्या रांगेत ते पोस्टर येऊन पडलं. लोक तुटून पडले. लाज वाटत नाही का, माणूस आहेस का, जे सुचेल ते लिहिलं. हा गाडीवर. दवाखान्याच्या दारात त्यानं मला फोन लावायला म्हणून खिशात हात घातला, तेव्हा त्याला सगळं दिसलं. त्यानं माफी मागितली नाही, खुलासा केला नाही. फक्त ग्रुप सोडला आणि बाबांना गाडीत ठेवायला हात लावला.

मी ते पोस्टर पाहिलं दुसऱ्या दिवशी, सगळं आटोपल्यावर. राग यायला हवा होता, असं अजूनही काही जण मला सांगतात. मला राग आला नाही, मी ते आईलाही दाखवलं. बाबा हसत होते. त्या दिवसांत मला हसताना दिसलेलं ते एकच माणूस.

तेरवीला ठेवायला फोटो हवा होता. घरात सगळे ताठ बाबा. मी दुकानात जाऊन म्हटलं, "भाऊ, मला तोच फोटो हवा." तो खालीच बघत होता. "त्याचं नाव नोको काढू, बाई." पण फोटो त्यानं करून आणला. मुकुट काढलेला, गदा काढलेली, रेडा पुसलेला, हसू तेवढं ठेवलेलं. आईनं फ्रेम हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "गदा काऊन काढली रे? शोभत होती त्याहिले." पोस्टरभाऊ पाणीसुद्धा न पिता निघून गेला.

त्यानंतर त्याचं एकही पोस्टर आलं नाही. मी सगळ्यांना खरं काय घडलं ते सांगितलं, लिहिणारे वरमले, त्याला पुन्हा ग्रुपवर घेतलं. तो पाच मिनिटांत बाहेर. आता तो वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स तेवढे छापतो. फोन केला की म्हणतो, "टाइम नाई भेटत, बाई." ग्रुपवर रोज सकाळी गुलाब उमलतात, कुणीही कुणाला जाब विचारत नाही. मला त्याची फार आठवण येते. बाबा गेले ते कळतं, पण असलेला माणूस असा हरवला की कुठं शोधायचं?

यंदा मंडईला गेले तेव्हा तो भज्यांच्या दुकानाशी भेटला. नीट बोलला, आईची चौकशी केली. सभ्य माणसासारखा वागला. तेच मला सहन होईना. तो गरम भजं तोंडात टाकत असताना मी गुपचूप फोटो काढला. पुण्याला येऊन फोनवर खटपट केली, त्याला मुकुट चढवला आणि लिहिलं : 'रुसला पोस्टरवाला! संगीत, तीन अंकी, भज्यांसह.' ते फक्त त्यालाच पाठवलं आणि दिवसभर फोन उघडून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"कान कापला ना माह्या! असं कापते का कोनी? अन् अक्षर पाह्य, मुकुटावर चढून बसलं. इतके वर्सं पाहून काय शिकली तू?"

मी म्हटलं, "चुकलं, भाऊ."

 मागे तलावाच्या पाळीवरचा वारा ऐकू येत होता. मग हळूच म्हणाला, "बाबाजी लय हसले असते हे पाहून."

बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच त्यानं त्यांचा विषय काढला होता. मी हो म्हटलं.  फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.