तानुबाईचा परताव्याचा नियम

धामणगाव बढ्यात तानुबाईच्या हातची गोधडी सगळ्यांच्या ओळखीची. ती विकायचं मनावर घेतलं तिच्या सुनेनं, अर्पितानं. तिनं फोटो काढून एक साधी वेबसाइट उघडली. चार-दोन गोधड्या गेल्या, आणि मग नाशिकहून रेणुकाताईंचा फोन आला. त्यांच्या छोट्या अतिथीगृहाला बारा गोधड्या हव्या होत्या, पण पैसे ऑफिसच्या कार्डावरूनच देता येणार होते.

"कार्ड घासायची मशीन कुठून आणतं बाई?" तानुबाई म्हणाली.

"मशीन नाही लागत, आई. आपण लिंक पाठवतो, त्या तिकूनच कार्डाचा नंबर भरतात. आपल्याले तो दिसतही नाही. पैसे दोन-तीन दिवसांत तुमच्या खात्यात."

अर्पितानं अशी लिंक देणाऱ्या एका कंपनीकडे अर्ज केला. तो परत आला. पासबुकावर 'तानुबाई' होतं आणि पॅन कार्डावर 'तानाबाई'. अर्पिता म्हणाली, पासबुक बदलू, ते लवकर होईल.

"नाही," तानुबाई म्हणाली. "मले आजवर कोणी तानाबाई म्हटलं नाही. पॅनच दुरुस्त कर."

त्यात तीन आठवडे गेले. रेणुकाताई थांबल्या.

मग कंपनीनं कळवलं, वेबसाइटवर माल परत घेण्याचा नियम लिहिलेला पाहिजे. अर्पितानं दुसऱ्या एका दुकानाचा नियम वाचून दाखवला: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तानुबाईनं सुई कापडात टोचून ठेवली.

"असं काऊन लिहायचं? पसंत नसली तर पंधरा दिवसांत पाठवा म्हणावं."

"लोक वापरून परत पाठवतील, आई."

"पाठवू दे. वापरलेली गोधडी मले हात लावल्याबरोबर समजते."

तसंच लिहिलं गेलं. अर्ज मंजूर झाला, लिंक गेली, रेणुकाताईंनी कार्डानं पैसे भरले. दोन महिने खपून तानुबाईनं बारा गोधड्या पाठवल्या.

आठव्या दिवशी तीन परत आल्या. पहिल्याच धुण्यात लाल रंग सुटून चादरींना लागला होता. रेणुकाताईंनी फोनवर आवाज चढवला नाही, म्हणून तानुबाईला ते जास्तच लागलं. त्या गोधड्यांना लावलेल्या लाल लुगड्याचा उरलेला तुकडा तिनं बादलीत बुडवला. पाणी गुलाबी झालं.

"चूक माहीच हाय," ती म्हणाली. "घाईत हे लुगडं मिठाच्या पाण्यात भिजवलं नाही. दे त्यायले पैसे."

अर्पितानं फोनवर तीन गोधड्यांची रक्कम भरून बटण दाबलं. पैसे ज्या कार्डावरून आले, त्याच कार्डावर परत जाणार होते. पाच-सात दिवस लागतात म्हटल्यावर तानुबाई रोज विचारी, "पोचले काय गं?" सहाव्या दिवशी रेणुकाताईंचा निरोप आला: पैसे मिळाले, आणि त्या तिन्हींच्या जागी नव्या तीन करून द्या.

तानुबाईनं आधी सगळं लाल कापड वेगळं काढलं. मोठ्या घमेल्यात मीठ विरघळवलं आणि बाह्या वर सारल्या. अर्पितानं विचारलं, परत आलेल्या त्या तिन्ही गोधड्यांचं काय करायचं?

"एक माह्या खाटेवर टाक," ती म्हणाली. "बाकीच्या धुऊन वाळू घाल. पाहू, किती रंग सोडतात ते."