माप दिलं की शब्द दिला

आमचे काका पडदे शिवून विकायचे. गल्लीतलं शेंबडं पोरही त्यांची नक्कल करायचं: घसा खाकरायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचं, "आता असं बघा. आधी माप, मग बात." माप न आणलेल्या गिऱ्हाइकाला ते कापडाला हात लावू देत नसत. पण जो स्टुलावर चढून, खिडकीला टेप लावून माप घेऊन आला, तो पडदा न घेता कधी परतला नाही. त्यामुळे माप हातात पडलं की काकांची कात्री सुरू. आगाऊ पैसे मागायची त्यांना लाज वाटायची. म्हणायचे, "माप दिलं की शब्द दिला."

पुढे लोक पडदेही फोनवरून घ्यायला लागले. दुकानात काका, शिलाई मशीनवर काकू आणि माशा एवढेच उरले. "बसलाच आहात तर माशांची मापं घ्या," काकू म्हणायची. दुकानाच्या मालकाला जागा रिकामी करून हवी होती. फळीवरचं कापड विकलं गेलं तरच दुकान टिकणार होतं, एवढं दोघांनाही कळत होतं.

तेव्हा काकूचा भाचा आला. तो वेबसाइटी बनवायचा आणि त्याचं प्रत्येक वाक्य एकाच ठिकाणी संपायचं.

"लोकांना आधी किंमत दाखवली की ते पळतात. सिंपल आहे. आपण आधी माप मागायचं, रंग निवडायला लावायचा, मग त्यांच्या मापाची खिडकी स्क्रीनवर सजवून दाखवायची. पडदा हलताना दिसेल. माणूस रमतो. किंमत सगळ्यात शेवटी. सिंपल आहे."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आता असं बघा, हे मी जन्मभर करतोय."

"आणि पैसे लगेच नाही येणार हं, काका. महिनाअखेरीला एकदम जमा होतील."

साइट सुरू झाली आणि काकांचा फोन टिंग करून वाजला. त्यावर हिरवी खूण, शेजारी माप आणि रंग. कुणीतरी माप भरलं, एवढाच त्या खुणेचा अर्थ होता. भाच्यानं ती हिरवी केली होती, कारण हिरवं बघून बरं वाटतं. काकांनाही बरं वाटलं. त्यांनी कात्री घेतली.

मग टिंग, टिंग, टिंग. काका कापत गेले, काकू शिवत गेली. काका प्रत्येक मापाला घर देत होते. "ही अरुंद खिडकी जिन्यातली. ही बुटकी न्हाणीघराची. हिला निळा रंग? असेल बाई कुणाची आवड." फळ्या रिकाम्या होत गेल्या आणि गठ्ठे छताला टेकले. काकूचं कंबरडं मोडलं, पण बऱ्याच दिवसांनी ती मशीनवर गुणगुणत होती.

महिनाअखेरीला भाचा आला तो दारातच थबकला.

"मावशी, हे काय?"

"ऑर्डरी," काकू म्हणाली. "पत्ते कधी येणार ते सांग."

भाच्यानं फोन बघितला, गठ्ठे बघितले, पुन्हा फोन बघितला. "काका, ऑर्डर एकही नाहीये. लोक नुसतं बघत होते. खिडकी सजलेली दिसली की खूश होतात आणि निघून जातात."

"नुसतं बघायला कुणी स्टुलावर चढतं का रे?"

"कोण चढतंय? अंदाजे टाकतात आकडे. दोन बटणं दाबायची. सिं..." पुढचं त्यानं गिळलं.

काकांनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "जिन्यातली पण नाही?"

भाच्यानं उपाय सुचवला. हेच पडदे साइटवर तयार माल म्हणून टाकू, वर लाल अक्षरांत लिहू, 'शेवटचा एकच शिल्लक', शेजारी उलटं चालणारं घड्याळ. लोक घाबरून घेतात.

"शेवटचा म्हणजे काय," काका म्हणाले, "एकुलता एकच आहे तो. आणि त्याला खिडकीच नाहीये."

तरी तेही करून झालं. घड्याळं उलटी चालत संपली. ज्याला रंग आवडला त्याला माप बसेना, माप बसलं तर रंग नको. मालकानं कुलूप बदललं तेव्हा काका साधं भांडलेही नाहीत.

आता गठ्ठे घरात आहेत. काकूनं स्वयंपाकघराच्या खिडकीला एकेक लावून पाहिला. एक वीतभर आखूड, एक जमिनीवर लोळणारा. एकही बसला नाही. ती खिडकी अजून उघडीच आहे.

साइट भाच्यानं चालू ठेवली आहे. आपल्या नव्या गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवतो. लोक त्या सजलेल्या खिडकीच्या पानावर सगळ्यात जास्त वेळ थांबतात म्हणे. त्यामुळे फोन वाजतो. काकू तो बंद करायला गेली की काका आतून हाक मारतात.

"किती बाय किती?"

"चार बाय पाच. पिवळा."

आत काका चष्मा कपाळावर सरकवतात.

"पोरांच्या खोलीची असेल."

"असेल," काकू म्हणते आणि फोन पालथा घालते.