डाव्या दरवाज्याचा स्पीकर

चामोर्शीत गाडीचे टेप बसवणारे आम्ही दोघंच. त्यातला मी, हेमराज. माझं डोस्कं लवकर तापते हे गावाले माहीत आहे, तरी गिऱ्हाईक येतेच.

त्या दिवशी गुणवंतरावभाऊ आले. मार्कंड्याकडचे धानाचे शेतकरी, गाडी जुनी, पांढरी. सीटवर स्क्रीनवाला नवाकोरा टेप, खोक्यातच. पुण्याहून पोरानं, प्रफुलनं, धाडला होता. पोरगा वस्तू धाडते, सोता येत नाई.

"टेप बदलव," भाऊ म्हणाले, "पन कंपनीच्या स्पीकरले हात लावू नोको."

मी आधी जुना टेप लावून पाह्यला. आवाज फक्त ड्रायव्हरच्या बाजूनं. डावीकडं सारं चूप.

"भाऊ, डावा स्पीकर गेला. जोडीच बदलवून टाका ना."

"तो चांगला आहे."

"अजी, वाजत नाई अन् चांगला आहे?"

"नाई म्हटलं ना, हेमराज!"

मले असा राग आला! एवढी वर्षं हेच काम करून राह्यलो अन् हे मले शिकवतेत. बडबडतच वायरी जोडल्या, टेप बसवला, गाणं लावलं.

अन् बाप्पा! दोन्ही दरवाजे वाजले. डावा तं उजव्याहून खणखणीत. मी खुशीत भाऊकडं पाह्यलं, तं त्याइचा चेहरा उतरलेला. ते झटकन वाकले अन् डाव्या स्पीकरवर पंजा दाबून धरला.

"तिकडचा बंद कर. लवकर बंद कर."

"आता काऊन? एवढा मस्त वाजून राह्यला!"

"तिकडं मनकर्णा झोपते."

मनकर्णाबाई म्हणजे त्याइची बायको. तिच्या तेरवीले मी सोता जेवून आलो होतो, त्याले साल उलटून गेलं. गाणं तेवढं बंद केलं.

पंजा तसाच ठेवून भाऊ मंग हळूहळू बोलले. बाईच्या किडन्या गेल्या होत्या. मशीनवर रक्त साफ करायले ते तिले चंद्रपूरले नेत. वापस येताना ती दरवाज्याले डोकं टेकून झोपे. गाणे बंद करतो म्हटलं तं म्हणे, "नोको, तुमाले डुलकी लागन." म्हणून भाऊनं जुन्या टेपची चकरी फिरवून सारा आवाज आपल्या बाजूले घेतला. मंग ती चकरी कोणीच हलवली नाई.

"आता कुठी जाता गाडी घेऊन?" मी इचारलं.

"चंद्रपूरलेच. दवाखान्यापर्यंत जातो, चहा पितो, वापस येतो. घरी करमत नाई रे."

मले लय वाईट वाटलं. स्क्रीनवर बोट ठेवून मी आवाज पुरा उजवीकडं सरकवला अन् गाणं परत लावलं. डावा दरवाजा चूपच राह्यला, तसा भाऊनं पंजा काढला.

तेवढ्यात प्रफुलचा फोन आला. "बाबा, बसला का टेप? दोन्हीकडून बरोबर वाजते ना?"

"हव," भाऊ म्हणाले. "दोन्हीकडून."

फोन खिशात टाकून ते गाडीत बसले. आधी डावीकडची काच वर केली, मंग गाडी चालू केली.