ताईचा लोळणारा झगा

माझी थोरली बहीण आता एका जागी बूड टेकेल तर शपथ. पूर्वी मशीनवर बसली की तिला हलवावं लागायचं. आता एक शिवण मारते, उठते, कमरेवर हात ठेवून खिडकीपाशी जाते, परत येते, बसते न बसते तोच पुन्हा उभी. तिच्या येरझाऱ्या बघून माझाच जीव खालीवर होतो आणि काजं करताना सुई बोटात घुसते.

आमचं दोघींचं बायकांचे कपडे शिवायचं दुकान आहे. कापणं-शिवणं ताईकडे; काजं, बटणं, इस्त्री आणि गिऱ्हाइकांशी भांडणं माझ्याकडे. ताईची साठी उलटली, तरी कुणाचंही माप एकदा घेतलं की डोक्यात पक्कं. माझं आणि तिचं तर तोंडपाठ. त्याच मापाने ती दरवर्षी आम्हा दोघींना एकेक पायघोळ झगा शिवते.

यंदा तिने झगा अंगात घातला आणि तो जमिनीवर लोळला.

"कापड ताणतंय," ताई म्हणाली. तिने खालून दुमड घातली. दुसऱ्या कापडाचा शिवला, तोही लोळला. मग कात्रीवर खापर, मग टेपवर. नवा टेप आला. माझाही झगा लांब झाला होता, मी तो कमरेत खोचून वावरत होते. "बघ, तुझाही! कापडच खराब," असं म्हणून तिने कापडवाल्याला झाडलं. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली, पण स्वतःला टेप लावून बघेल तर ना!

मग एक दिवस अस्तराचा तागा उचलताना ती मटकन खालीच बसली. "उसण भरली," म्हणाली. आठवडा गेला तरी उसण उतरेना. पडून राहवेना, बसवेना. शेवटी मी मशीनचा पट्टा काढून लपवला आणि म्हटलं, "आधी डॉक्टर, मग पट्टा."

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला. पाठीचे दोन मणके चेपले होते. "हाडं ठिसूळ झालीत. त्यामुळे उंचीही कमी होते," त्या म्हणाल्या. पाळी फार लवकर गेली का, दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या का, ऊन अंगावर पडतं का, एकेक विचारत गेल्या. ताईचं प्रत्येक वेळी "नाही"; उन्हाचं विचारलं तेव्हा मला आमच्या दुकानाची सदा बंद खिडकी आठवली.

"आई वाकल्या होत्या का?"

"म्हातारपण होतं ते," ताई फटकन म्हणाली.

"औषध घ्या, रोज चाला, वजन उचलू नका. नाहीतर पुढच्या वेळी साधं घसरलात तरी खुबा मोडेल. मग मशीन विसरा."

"मी बुटकी झाले म्हणे! मला मापं शिकवतात!" रस्ताभर ताईच्या तोंडाचा पट्टा चालू होता. गोळ्या घेणार नाही, हे तिने तिथेच जाहीर केलं.

मला संताप आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. दुकानात शिरल्या शिरल्या मी कोपऱ्यातला पुतळा ओढून काढला. दुकान काढलं तेव्हा ताईने तो हुबेहूब स्वतःच्या मापाचा करून घेतला होता. "ये, उभी राहा याच्या शेजारी."

ती उभी राहिली. पुतळ्याचा खांदा तिच्या खांद्याहून चार बोटं वर होता. तिने मान ताणली, छाती काढली. फरक पडेना. मग नवा टेप माझ्या हातात दिला. मी तिला खांद्यापासून जमिनीपर्यंत मोजलं आणि टेप गुंडाळायला लागले.

"बोल की. गिऱ्हाईक असतं तर बोलली असतीस."

मी आकडा सांगितला. ताईने पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "कापडवाल्याला उगाच बोलले ग." आणि माझ्या हातातला टेप घेत, "गोळी कधी घ्यायची म्हणाल्या?"

"आठवड्यातून एकदा. उपाशीपोटी."

मला हायसं वाटलं. मी पट्टा आणायला वळले, तर तिने माझा दंड धरला. "थांब. तो खोचलेला झगा सोड आणि सरळ उभी राहा."

"मला काय धाड भरलीय?"

"आई तुझीही होतीच ना."

तिने टेप लावला. सरळ केला, पुन्हा लावला. माझं माप तिला तोंडपाठ होतं.

"काय ग?" मी विचारलं.

"उद्या दुकान उशिरा उघडू," टेप गुंडाळत ताई म्हणाली. "डॉक्टरीणबाईंकडे दोघी जाऊ."