पुढे बसवलेली बाही

२०२३ साल. मी बहात्तर वर्षांचा होतो, शिक्षण चौथी, आणि पंचावन्न वर्षं शिवणाच्या मशीनवर बसलेलो. रत्नागिरीत माझं टेलरिंगचं दुकान. त्या आठवड्यात ते बंद व्हायचं ठरलं होतं. मुलाने मोबाइल दुरुस्तीवाला भाडेकरू शोधला होता आणि तो सोमवारी सकाळी दहा वाजता चावी घ्यायला येणार होता. मी हो म्हटलं होतं. हो म्हणायला मला वर्ष लागलं, कारण मी कोणाचं पटकन ऐकत नाही. पण दुकानात काम तरी काय उरलं होतं? तयार जीन्सचे पाय चार बोटं कापायचे, दुमडायचे, टीप मारायची. एके काळी दापोलीपासून देवरूखपर्यंतचे नवरदेव कोटाचं माप द्यायला माझ्याकडे यायचे. त्याच माणसाने म्हातारपणी दुसऱ्याच्या जीन्सचे पाय कापत बसायचं, त्यापेक्षा शटर ओढलेलं बरं, असं मीच मनाशी ठरवून टाकलं होतं.

आदल्या दिवशी, रविवारी, नात आली. मुलाची मुलगी. परदेशी कपड्यांची प्रदर्शनं भरवणाऱ्या मुंबईतल्या मंडळींकडे ती नोकरी करते. मुंबईतलं प्रदर्शन संपल्यावर कपडे शिवणाऱ्या चार परदेशी पाहुण्यांना आमचा समुद्र बघायचा होता, तर हिने त्यांचे कपडेही इकडे आणवले आणि एक दिवसासाठी ओळखीच्या मंगल कार्यालयात मांडले.

"आजोबा, चला. इंग्लंडचे पुरुषांचे कपडे आहेत."

"इंग्रजाचे कपडे मला काय दाखवतेस गो? त्यांचेच कोट शिवून म्हातारा झालो."

"हे मोठे कारखानेवाले नाहीत हो. छोटे आहेत. दोघं-तिघं मिळून शिवतात."

"विलायतेत दोघं-तिघं काय शिवतात, कपाळ?"

"मग येऊन बघा नि नावं ठेवा. तुम्हाला आवडतं ना ते."

मी चपला घातल्या.

जिथे नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात तिथे कोट टांगले होते आणि रुखवताच्या टेबलांवर पँटी. मी पहिलीच पँट उचलली आणि उलटी केली. कपडा हातात आला की मी आधी आतून बघतो. मागच्या शिवणीत दोन बोटं माया सोडलेली होती. कारखान्यात एवढं जादा कापड कोणी शिवणीत सोडत नाही. मी सोडतो. लग्नातली पँट, पुढे पोट सुटतं, मग उसवून वाढवता यायला हवी.

"हे कोणी शिवलं?"

"दोघे भाऊ आहेत," नात म्हणाली. "एका बेकरीच्या मागच्या खोलीत बसतात."

मी शेजारचा शर्ट उचलला. तो एकट्या बाईने शिवलेला, घराशेजारच्या मोटारीच्या शेडमध्ये. ती बाई तिथेच उभी होती. सगळी काजं हाताची, एकसारखी, फक्त खालून दुसरं जरा तिरपं.

"तिला सांग, हे संध्याकाळी केलंस. दमली होतीस."

नातीने सांगितलं. बाई हसायला लागली आणि काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते संध्याकाळ, आणि त्यातून शुक्रवार."

मग मला धीर निघेना. गुडघे दुखतात हे विसरून मी या टेबलावरून त्या टेबलावर. एका बंडीला आत कापडाचा तुकडा लावलेला, त्यावर शाईने कापणाऱ्याचं नाव वेगळं आणि शिवणाऱ्याचं वेगळं. मला वाटायचं विलायत म्हणजे मोठ्या गिरण्या आणि काचेची दुकानं. आणि इथे बेकरीमागचे दोघे भाऊ. माझ्यासारखेच बसतात, वाकतात, दोऱ्याचं टोक दाताने तोडतात. सात समुद्रांपलीकडे माझे भाऊबंद आहेत आणि मला इतकी वर्षं पत्ताच नाही.

शेवटी एक जाड निळा कोट होता. हात लावताच कळलं, बाही चुकलीय. मुंढा, म्हणजे बाही जिथे खांद्याला बसते ती गोलाई, चांगली अर्धा इंच पुढे गेलेली. दुकानात चुकलेलं दिसलं की मी विचारत बसत नाही. खिशातून खडू काढला आणि जिथे बाही हवी होती तिथे पांढरी रेघ मारली.

"आजोबा, काय केलंत हे? तो नमुन्याचा कोट आहे."

कोट शिवणारा बाजूलाच होता. पन्नाशीचा, धिप्पाड, बोटांची टोकं सुईने राठ झालेली. तो रेघेवर वाकला. नातीचा चेहरा उतरला.

"त्याला सांग, मुंढा पुढे गेलाय. हा कोट खुंटीला शोभेल, माणसाला नाही."

"मी हे असं नाही सांगणार."

"असंच सांग."

तिने काय सांगितलं देव जाणे. तो निळा कोट हँगरवरून काढून त्याने माझ्या अंगात घातला. मी हात खाली सोडून ताठ उभा राहिलो. बाहीला मागून ठळक चुणी पडली.

"बघ. मी म्हटलं ना."

त्याने माझी दोन्ही मनगटं धरली आणि पुढे ओढली. चुणी नाहीशी झाली. पाठीत कुठे ताण नाही, काखेत कुठे खेच नाही. मग तो नातीशी बोलला.

"तो म्हणतो, हा कोट उभं राहायला नाहीच. त्याच्या गावात मच्छीमार आहेत. ते कोट घालून दोर ओढतात. उभं असताना चुणी पडते ती तो पडू देतो."

मी तसाच हात पुढे करून उभा. चाळीस वर्षं मिरकरवाडा बंदराचे खलाशी काखेमागे फाटलेले सदरे माझ्याकडे आणत आले. मी ठिगळ लावायचो आणि वर ऐकवायचो, रेड्यासारखा जोर लावतोस तर कापडाने काय करायचं. चूक माझ्या मुंढ्यात आहे हे कधी मनात आलं नाही. मी प्रत्येकाचं माप सावधानमध्ये घेतलं, आणि सावधानमध्ये काम कोण करतो?

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट कान गरम झाले, पहिला कोट कापला होता त्या दिवशी झाले होते तसे. त्याला म्हटलं, कागदावर काढून दाखव. त्याने वर्तमानपत्र पसरून पेन्सिलीने मुंढा काढला, मी खोडून माझा काढला, त्याने परत त्याचा काढला. दोन तास आम्ही एकमेकांची भाषा न येता भांडलो. निघताना मी कोटावरची रेघ पुसायला गेलो तर त्याने हात धरला. राहू दे म्हणत होता.

घरी मुलगा वाट बघत होता.

"बाबा, उद्या दहा वाजता हां."

"त्याला येऊ नको म्हणून सांग."

"आता? अहो, शब्द दिलाय."

"तू दिलास."

"तुम्ही हो म्हणालात म्हणून दिला."

"मी हो म्हणालो तेव्हा मला बाही बसवता येत नव्हती."

मुलगा पोरीकडे वळला. "काय दाखवलंस गो यांना?"

ती म्हणाली, "मी नाही दाखवलं. यांनीच त्यांच्या कोटावर खडू मारला." मुलाने डोक्याला हात लावला आणि फोन घेऊन अंगणात गेला. बराच वेळ कोणाची तरी माफी मागत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी दुकान उघडलं. बंदरावरून घरी निघालेल्या एका खलाशाला हाक मारून आत घेतलं, खिडकीच्या गजाला दोर बांधला आणि टोक त्याच्या हातात दिलं.

"ओढ."

"मास्तर, माप द्यायला माणूस उभा ऱ्हातो ना?"

"आजवर ऱ्हायचा. जाळं ओढतोस तसा ओढ."

"गज निघंल."

"निघू दे. माझाच हाय."

तो वाकला, पाय रोवले आणि ओढलं. मी त्याच्या पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत टेप धरली. मग त्याला ताठ उभं करून परत मोजलं. ओढतानाचं माप पावणेदोन इंच जास्त भरलं. आकडा भिंतीवरच लिहिला, कापड फळीवर पसरलं आणि कात्री हातात घेतली.