पक्का रंग

कापडे गावात सरकारी काम निघालं की पंच म्हणून येसाजी ठरलेला. बांधाचं भांडण असो, वीज पडून म्हैस मेलेली असो, सही म्हटली की गाव वाघ बघितल्यासारखं पळायचं आणि हा बाबा खिशातलं पेन काढत पुढे! बिरवाडीजवळच्या रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं राबून घरी बसलेला माणूस. चार अक्षरं बरी लिहितो, याचा भारी तोरा. तोच तोरा त्याला नडला.

झालं असं, की नाक्यावर पांडूचं छोटं हॉटेल. पांडू म्हणजे येसाजीच्या मेलेल्या दोस्ताचा मुलगा, ह्याच्याच अंगाखांद्यावर वाढलेला. त्याची जिलेबी पाकात पडली की फिकी व्हायची. "रंगच टिकत नाय बघ काका," असं तो एकदा म्हणाला आणि येसाजीने घरातली पुडी आणून दिली. कारखान्यातून कधीतरी गुपचूप आणलेली पिवळी भुकटी. "घे. पक्का रंग हाय, चिमूटभर बास."

कारखान्यात पक्का म्हणजे अस्सल आणि धुऊन जातो तो कच्चा, भिकार. खाण्यातही तोच न्याय लागतो, असं या शहाण्याला वाटलं! वाईट हेतू? छे हो. स्वतःच्या नातीला त्याने तीच जिलेबी पोटभर खाऊ घातली.

यात्रेच्या दिवशी अन्न खात्याच्या मॅडम आल्या. त्यांनी जिलेबी घेतली, तिचे चार भाग केले, पाकिटांना लाख लावली आणि उरलेला माल विकायचा नाही, असं बजावलं. पंच हवा म्हटल्यावर सगळा नाका रिकामा झाला. येसाजी मात्र जागचा हलला नाही.

"रंग कुठून आणला?" मॅडमनी पांडूला विचारलं.

पांडूने येसाजीकडे बघितलंसुद्धा नाही. "महाडच्या बाजारातनं, मॅडम. दुकान ध्यानात नाय."

ते वाक्य कागदावर उतरलं. येसाजीने ते नीट वाचलं. कारखान्यातली चोरी उघडी पडू नये म्हणून पोर आपल्याला सांभाळून घेतंय, हे त्याला कळलं, मनातून बरंही वाटलं. त्याने खाली झोकात सही ठोकली.

पुढे अहवाल आला. जिलेबीत कापड रंगवायचा रंग, खाण्यास असुरक्षित. माल नुसता हलका निघता तर दंडावर भागलं असतं. असुरक्षित म्हणजे खटला आणि तुरुंगसुद्धा. नातीला आणि अख्ख्या यात्रेला आपण काय चारलं, या विचाराने येसाजीला घास गिळवेना.

तो मॅडमच्या ऑफिसात जाऊन आला. आडून आडून विचारलं, "रंग देणारा सापडला तर पांडू सुटंल का?"

"विकणारा सुटत नाही, काका. देणारा सापडला तर तोही आत जाईल."

म्हणजे बोलावं तर पांडू सुटत नाही, गप्प बसावं तर तो एकटा अडकतो. येसाजी आल्या पावली परतला. पांडूला गाठलं तर तो हात जोडून म्हणाला, "तू गप ऱ्हा, काका. माझी शपथ हाय."

दीड वर्षाने महाडच्या कोर्टाचं समन्स आलं, सरकारी साक्षीदार येसाजी! आदल्या दिवशी पांडूची आई बयाबाई दारात येऊन बसली. रंगाचं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"येसादा, तुझ्या सहीनं माझा पोर अडाकला. न वाचता सही केली, येवढंच बोल. वकील म्हनतो, मग केस ढिली पडंल."

"बरं गो," येसाजी म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

आणि खरंच, तेच बोलायचं ठरवून तो साक्षीला उभा राहिला. समोर पांडू मान खाली घालून, मागच्या बाकावर बयाबाई. सरकारी वकिलांनी कागद पुढे धरला.

"सही तुमची?"

"माझीच."

"वाचून केलीत?"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तिथेच तो अडखळला. हे खोटं पांडूला वाचवेल न वाचवेल, आपल्याला नक्की वाचवणार होतं. शरम वाटली हो त्याला.

"वाचून केली, सायब. त्यातली येक ओळ खोटी हाय, ती मला ठाव होती. रंग बाजारातला नाय. मी दिला."

मागे बयाबाईने तोंडात पदर कोंबला. पांडूने पहिल्यांदा मान वर केली, डोळे भरलेले.

"कशाला बोललास, काका?" तो म्हणाला. "तुरुंगात जायला मी येकटा पुरलो असतो की."